मधुमेह शिबिरात मोजेही काढायला लावा

संपादक महोदय,

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनानिमित्त गावोगाव शिबिरे भरतात. बोटाला सुई टोचून साखर बघतात, रक्तदाब घेतात, वजन करतात, की लगेच पुढचा नंबर. रुग्णाचे मोजे मात्र क्वचितच कोणी काढायला लावते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार, म्हणजे पेरिफेरल आर्टरी डिसीज, त्यामुळे बोट काळे पडेपर्यंत लपून राहतो.

एरवी या आजारात चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबले की काही मिनिटांत जातो. मधुमेहात मज्जातंतूच बधिर झालेले असतील तर ही कळ जाणवत नाही. उलट त्वचेचा रक्तप्रवाह सांभाळणारे तंतू बिघडल्याने पाय हाताला कोमटही लागतो. तेव्हा ‘दुखत नाही, गारही पडत नाही’ याला काही अर्थ नाही.

मग तपासायचे कोणाला? पहिला प्रश्न तंबाखूचा, आणि तो नीट विचारायला हवा. ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारले तर विडी ओढणाराही ‘नाही’ म्हणतो. मशेरी लावणाऱ्या बाईचा तर प्रश्नच येत नाही. त्यानंतर साखर आणि रक्तदाब. ब्रिटनमधील मधुमेहींच्या यूकेपीडीएस अभ्यासात एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) एक टक्क्याने जास्त असेल तर या आजाराचा धोका २८ टक्क्यांनी आणि वरचा रक्तदाब १० ने जास्त असेल तर २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणून फक्त साखरेच्या मागे लागून रक्तदाबाकडे काणाडोळा करणे महागात पडते. दहा वर्षांहून जुना मधुमेह, पन्नाशी उलटलेले वय, वाढलेले एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), लघवीतून जाणारे प्रथिन, पूर्वीचा हृदयविकार किंवा पक्षाघात यांतले दोन-तीन घटक एकत्र आले की पाय तपासलाच पाहिजे. डायलिसिसवरच्या रुग्णांत तर फार जपावे लागते.

तपासणी सोपी आहे. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपायची. वरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही. दोन्ही लागत नसतील तर मात्र थांबू नये. पुढची पायरी घोटा-दंड निर्देशांकाची. रुग्णाला पाच-दहा मिनिटे आडवे झोपवून दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा दाब हातातल्या डॉप्लरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने) घ्यायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या जास्तीच्या आकड्याने भागायचे. दंडाला १४०, घोट्याला १०५ असेल तर उत्तर ०.७५. ०.९० किंवा त्याखाली आले तर आजार आहे असे धरतात. विश्रांती धरून सगळे पंधरा-वीस मिनिटांचे काम.

इथे एक खाच आहे, आणि ती नेमकी मधुमेहींतच अडवते. रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक झाली की दाब मोजायच्या पट्ट्याने दबत नाही, मग निर्देशांक १.४० च्या वर जातो किंवा आजार असूनही ‘नॉर्मल’ दिसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा. दंडाशी त्याचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असणे वाईट. शिबिरात अंगठ्याची सोय नसते, पण कागदावर ‘अंगठ्याचा दाब पाहावा’ एवढे लिहून द्यायला काय हरकत आहे?

घरच्यांसाठीही दोन गोष्टी. बधिर पायाला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नका. भाजलेले कळत नाही आणि रक्त कमी पोचत असल्याने फोड भरत नाही. पायाचे कुरूप घरी ब्लेडने कापणेही याच कारणाने टाळावे.

आणि बोट काळे पडलेच, तर ते कापण्याआधी ‘पायाला रक्त कितपत पोचते ते पाहिले का?’ हे डॉक्टरांना विचारा. रक्तपुरवठा न तपासता कापलेल्या बोटाची जखम भरत नाही, आणि पुढची शस्त्रक्रिया आणखी वर करावी लागते. जंतुसंसर्ग वर चढत असेल तर पू आधी काढावा लागतो, ती घाई वेगळी. पण रक्तवाहिन्यांची तपासणी तेव्हाही लगोलगच करायची असते.

– रक्तवाहिन्यांच्या आजारांवर उपचार करणारा एक डॉक्टर, सांगली