तक्रार: कंपवाताच्या घड्याळातला अर्ध्या तासाचा आलेख काढून टाकल्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

गेल्या फेब्रुवारीत मी तुमचे मनगटी घड्याळ आणि मोबाइलवरचे ॲप वर्षभराची वर्गणी भरून घेतले. मला कंपवात (पार्किन्सन) होऊन नऊ वर्षे झाली. हे सगळे तुमच्याकडे नोंदवलेले आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण फोनवर तुमच्या प्रतिनिधीने तीनदा विचारले, "कुठला वात म्हणालात, सर?"

आधी चांगले सांगतो. तीन महिन्यांनी डॉक्टर विचारायचे, "कसे आहात?" मी बाहेर बसल्या बसल्या लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातावरची, गोळी घेतलेली, त्यामुळे आत जाताना चाल झकास! घरचे हाल सांगितले तर खोटे वाटावेत. तुमच्या जुन्या आलेखात मात्र माझ्या हालचालींची दर अर्ध्या तासाची नोंद दिसे. सकाळी सातच्या गोळीचा असर साडेनऊलाच ओसरतो, हे त्यावरून डॉक्टरांनी ओळखले. अकराची गोळी साडेदहावर आली, आणि अंडी-दूध गोळीपासून लांब ठेवायला सांगितले, कारण प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. फरक पडला. आमच्या गटातल्या चार शुभार्थींना (कंपवाताच्या रुग्णांना आम्ही असे म्हणतो) मीच तुमचे घड्याळ सुचवले.

गेल्या महिन्याच्या अपडेटनंतर तो आलेख गायब आहे. त्या जागी दिवसाचा एकच आकडा येतो: "आजचा गुण ७८, छान!" शेजारी हसरा सूर्य.

मी ३४ वर्षे टूलरूममध्ये काढली. शाफ्टचे एक टोक जाड आणि दुसरे बारीक असले तरी सरासरी व्यास बरोबर येतो. शाफ्ट भंगारातच जातो. माझा दिवसही तसाच आहे. सकाळी अंग आखडलेले, दुपारी गोळी अंगात भरली की मान आणि खांदा आपोआप हलतात. ७८ मध्ये दोन्ही बुडाले.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. ९ तारखेला सकाळी दहा वाजता न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी माझे पाय जमिनीला चिकटले. पत्नीने पुढे आपला पाय आडवा धरला, तो ओलांडायचा म्हणून माझे पाऊल उचलले गेले. संध्याकाळी ॲप उघडले तर त्या तासापुढे हिरवी खूण, "स्थिती उत्तम". हात थरथरत नव्हता ना! स्वस्थ ठेवलेल्या हाताला सेकंदाला चार ते सहा वेळा येणारा कंप तुमचे यंत्र छान पकडते. पण हालचाल मंदावणे, पाय अडकणे हाही याच आजाराचा भाग आहे, आणि त्याला तुमचे यंत्र शांतता समजते. उलट त्याच दिवशी रिक्षातून चिंचवड स्टेशनला गेलो, त्याची नोंद "तीव्र कंप". तो रस्त्याचा होता.

बोटांच्या चाचणीची दोन बटणे आता इतकी लहान केली आहेत की ऑफ असताना, म्हणजे गोळीचा असर ओसरला की, बोट घसरते. मग ॲप "चाचणी अपूर्ण" म्हणून ती पुसून टाकते. अहो, अपूर्ण राहिली हीच तर नोंद आहे!

प्रतिनिधीने यावर फोन बंद करून चालू करायला सांगितले. तेही केले.

माझी मागणी अशी: फेब्रुवारीपासूनची अर्ध्या तासाची मूळ नोंद मला छापता येईल अशा स्वरूपात द्या आणि ॲपमध्ये तो आलेख परत आणा. गुण आणि सूर्य ज्यांना आवडतात त्यांना राहू द्या. आलेख आणणार नसाल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा, नोंद मात्र तरीही द्या. ती माझ्या हाताची आहे. २४ तारखेला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक वर्गणीदार, चिंचवड, पुणे

ता. क. हे पत्र तीन दिवस, दुपारी सव्वाबारा ते एक या वेळात लिहिले. त्या वेळात मला टाइप करता येते, हे तुमच्याच जुन्या आलेखावरून कळले होते.