आमच्या छावणीत संडास बांधणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

छावणीच्या दारावर आभाराचा फलक लागला आहे. तंबू, ब्लँकेटं, धान्य, औषधं, कपडे पाठवणाऱ्या सगळ्यांची नावं त्यावर आहेत, आणि ती असायलाच हवीत. त्यांच्यामुळे आम्ही पहिल्या रात्री तगलो. पण संडास, पाणी आणि सांडपाणी पाहणाऱ्यांचं नाव त्या फलकावर नाही. कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणणार नाही. चारचौघांत या विषयावर बोलायला आपली जीभच रेटत नाही. म्हणून मी हे पत्र पाकिटात न घालता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आम्हाला तुम्ही काय दिलंत ते लोकांना कळू दे.

भूकंपात घर पडतं हे सगळ्यांना दिसतं. घराबरोबर मोरी पडते, संडास पडतो, नळ तुटतो, विहिरीचं पाणी गढूळ होतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एका मोकळ्या मैदानावर शेकडो कुटुंबं ताडपत्रीखाली येऊन पडली. जेवणाची पाकिटं संध्याकाळपर्यंत आली. परसाकडे जायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पुरुष मैदानाच्या कडेला जात. बायका अंधार पडायची वाट बघत, आणि अंधार पडला की भीती वाटे.

मग आम्ही बायकांनी जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. पाणी पिणं कमी केलं. माझ्या सासूबाई दुपारनंतर घोटभरही घेत नसत. शेजारच्या तंबूतली बाळंतीण रात्री उठावं लागू नये म्हणून तहान मारत होती, आणि अंगावरचं दूध आटतंय म्हणून रडत होती. तिच्या रडण्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं, पण ते बोलायचं कुणापाशी? दवाखान्याच्या तंबूत लघवीला जळजळ होते म्हणून बायकांची रांग लागली. गोळ्या मिळाल्या. तुम्ही मात्र त्या रांगेत येऊन बसलात आणि एकीला विचारलंत, ‘दिवसभरात पाणी किती पिता?’

ताई, ज्या प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले, तो हा प्रश्न. मदत घेऊन आलेल्या लोकांनी आम्हाला पुष्कळ विचारलं. घरात माणसं किती, गेली किती, कागदपत्रं आहेत का, चादरी मिळाल्या का. पाणी का पीत नाही हे तुम्हीच विचारलंत. आणि उत्तर ऐकून गप्प बसला नाहीत.

तोवर संडास आलेले होते, हेही सांगायला हवं. मैदानाच्या पार टोकाला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग कुणीतरी घाईघाईने उभी करून गेलं होतं. दार होतं, आतून कडी नव्हती. दिवा नव्हता. बायकांचे आणि पुरुषांचे समोरासमोर. कागदावर शौचालयांचा आकडा भरला होता, पण ती तशीच कोरडी उभी होती. तुम्ही त्याबद्दल कुणाला दोष देत बसला नाहीत. रात्री आमच्यातल्या तिघीचौघींना बरोबर घेतलंत आणि तंबूपासून तिथवर चालत गेलात. कुठे ठेच लागते, कुठे दोरखंडात पाय अडकतो, कुठे पोरं टोळक्याने बसतात, सगळं बघितलंत. दुसऱ्या दिवशी एका तंबूत फक्त बायकांना बसवलंत आणि जागा आम्हालाच ठरवायला लावलीत. म्हाताऱ्या बायका आधी बोलेनात. नंतर थांबेनात.

मग जे उभं राहिलं ते आमचं होतं. कुठल्याही तंबूपासून पन्नास मीटरच्या आत. बायकांसाठी तीन तर पुरुषांसाठी एक, या हिशोबाने. आतून कडी. वाटेवर आणि दारापाशी दिवा. ज्यांना उकिडवं बसता येत नाही त्यांच्यासाठी बैठक आणि धरायला आडवा बांबू. सासूबाईंनी तो बांबू दोन्ही हातांनी हलवून बघितला, मान डोलावली आणि त्या संध्याकाळी पेलाभर पाणी प्यायल्या. मी बघत होते. बघताना मला किती हायसं वाटलं ते शब्दांत येणार नाही.

तुमच्याजवळ एक जाड पुस्तक असे. मदतकार्य करणाऱ्या संस्था आणि रेडक्रॉस चळवळीने १९९७ पासून मिळून बांधलेली ती ‘स्फिअर’ची मानकं. आम्ही विचारलं की तुम्ही पान काढून दाखवायचात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. एका तोटीवर फार तर २५० माणसं. सुरुवातीच्या धावपळीत ५० माणसांमागे एक संडास चालेल, पण लवकरात लवकर २० माणसांमागे एक हवा. खड्डा पाण्याच्या स्रोतापासून तीस मीटर तरी लांब, आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा निदान दीड मीटर वर. हे आकडे आम्हाला तोंडपाठ झाले आहेत. आपल्याला किती मिळायला हवं हे ठाऊक असलं की माणूस हात पसरून उभा राहत नाही, हक्काने विचारतो. हे आकडे आमच्या हाती दिल्याबद्दलही तुमचे आभार.

खड्ड्याच्या जागेबद्दल तुम्ही एवढ्या हट्टी का, ते तुम्ही हैतीचं सांगितलंत तेव्हा कळलं. १२ जानेवारी २०१० ला तिथे भूकंप झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉलरा उसळला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरचा मैला नदीच्या पाण्यात गेला, आणि पुढच्या काही वर्षांत दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी २०१६ च्या डिसेंबरात माफी मागितली. परक्यांनी मदतीला यावं आणि त्यांच्याच तळावरची घाण लोकांच्या पिण्याच्या पाण्यात जावी, याहून वाईट काय? तुम्ही ते विसरू शकत नव्हतात. म्हणून छावणीत पहिला खड्डा मोजून मापून खणला तो तुमच्या स्वतःच्या पथकाच्या संडासाचा. आधी आपला मैला नीट ठिकाणी, मग दुसऱ्यांना शिकवायचं. अशी मदत करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आता जे लिहायचं आहे ते जड आहे. पहिल्या दिवसांत ध्वनिक्षेपकावरून सांगत होते की मृतदेहांमुळे रोगराई पसरेल, ताबडतोब सगळ्यांना एकत्र पुरून टाका. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं ओळख पटायच्या आधीच नेली जाणार होती. तुम्ही त्या लोकांपुढे उभ्या राहिलात. भूकंपात जखमी होऊन गेलेल्यांच्या देहांमुळे साथ येत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, साथ येते ती जिवंत माणसांच्या विष्ठेतून, हे तुम्ही शांतपणे पुन्हा पुन्हा सांगितलंत. देह हाताळणाऱ्यांना हातमोजे दिलेत, पिण्याच्या पाण्यापासून ते लांब ठेवलेत आणि घरच्यांना ओळख पटवायला वेळ मिळवून दिलात. माझ्या दिराला आम्हाला शेवटचं बघता आलं, ते त्यामुळे. यासाठी तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

पाण्याचं सांगते. टँकर यायचा तेव्हा आधीच भांड्यांची रांग लागलेली असायची. एकदा भर उन्हात टँकर आला, तुम्ही काचेच्या छोट्या नळीत पाणी घेतलंत, त्यात गोळी टाकलीत, आणि पाणी तसंच राहिलं. रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही. तुम्ही टाकीत मात्रा घातलीत आणि अर्धा तास कुणीही पाणी घ्यायचं नाही म्हणालात. लोक सकाळपासून ताटकळलेले. केवढा आरडाओरडा झाला! एक गृहस्थ तर अंगावर धावून आले. तुम्ही तोटीसमोरून हलला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. अर्धा तास झाल्यावर दुसरी नळी त्याच गृहस्थांच्या हातात दिलीत. पाणी फिकट गुलाबी झालं. लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे, तेवढा हा रंग, असं तुम्ही त्यांना समजावलंत आणि पट्टीवरचा रंग जुळवून दाखवलात. आज रोज सकाळी ती तपासणी तेच करतात, आणि गढूळ पाणी आलं तर आधी तुरटी फिरवल्याशिवाय क्लोरीन घालू देत नाहीत. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, हे ते आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात.

मुलांना जुलाब झाले ते झालेच, पण साथ झाली नाही. साखर-मिठाचं पाणी करायला तुम्ही प्रत्येक तंबूत शिकवलंत. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजून हजारोंना वाचवलं, मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आलं, हेही तुमच्याकडूनच ऐकलं. लहान मुलांची शी निरुपद्रवी असते असा आम्हा सगळ्यांचाच समज होता. तोही तुम्ही काढलात.

पाळीबद्दल तर आमच्यात कुणी बोलत नव्हतं. कापड धुवायला आडोसा नाही, वाळत घालायला जागा नाही, ओलंच वापरायचं. तुम्ही धुण्याच्या जागेला ताडपत्रीचा आडोसा केलात, आत ऊन येईल अशी वरची बाजू उघडी ठेवलीत, दोरी बांधलीत, झाकणाचे डबे ठेवलेत. पॅड हवं की कापड, हे ज्या त्या मुलीला विचारून दिलंत. माझी पुतणी चौदा वर्षांची आहे. भूकंपानंतर ती तंबूच्या बाहेर पडत नव्हती, आणि आम्हाला वाटायचं की ती भुईच्या हादऱ्यांना घाबरते. आडोसा झाला आणि ती बाहेर पडली, छावणीतल्या शाळेत जाऊ लागली.

मैला उपसायला जी माणसं यायची त्यांचेही आभार इथेच मानते, कारण ते तुम्ही आम्हाला शिकवलंत. त्यांना बूट आणि हातमोजे मिळाल्याशिवाय तुम्ही काम सुरू होऊ दिलं नाही. कुणीही खड्ड्यात उतरायचं नाही, यंत्रानेच उपसायचं, ही तुमची अट होती. आणि छावणीतल्या संडासांच्या सफाईची पाळी लावताना, हे काम ठरावीक घरांच्या माथी मारायचं नाही असं तुम्ही सभेत स्पष्ट म्हणालात. त्यावर कुरबुर झाली. तुम्ही स्वतः झाडू घेतलात आणि कुरबुर संपली नसली तरी यादीत सगळ्यांची नावं आली. आमच्या घराचं नाव पहिल्याच आठवड्यात होतं आणि सासऱ्यांनी ते काम मन लावून केलं.

आता कुटुंबं तात्पुरत्या घरांकडे हलू लागली आहेत. तिथला नकाशा आला तेव्हा आम्ही बायकांनी तो मागून घेतला. संडासांची रांग पुन्हा टोकालाच होती. आम्ही बोट ठेवून अंतर विचारलं, कडी विचारली, दिवा विचारला. रांग मोडून चार ठिकाणी विभागायचं त्यांनी मान्य केलं आहे. दिव्यांचं अजून नक्की नाही, आम्ही पाठपुरावा सोडलेला नाही.

छावणीतले भरलेले खड्डे तुम्ही सांगितलंत तसे चुना आणि मातीने बुजवतो आहोत. प्रत्येकावर खूण केली आहे आणि जागांचा नकाशा ग्रामसभेकडे दिला आहे, म्हणजे पुढे कुणी तिथे विहीर किंवा बोअर घेणार नाही. क्लोरीन तपासायच्या गोळ्या संपत आल्या आहेत, त्या कुठून मागवायच्या तेवढं कळवा. आणि तुम्ही पुन्हा कुठल्या छावणीवर निघालात, तर आम्हालाही निरोप धाडा. आमच्यातल्या दोघीजणी तुमच्याबरोबर यायला तयार आहेत. त्यांना खड्डा मोजता येतो, पाणी तपासता येतं, आणि बायकांना काय विचारायचं तेही आता त्यांना ठाऊक आहे.

तुमची,
छावणीच्या पाणी-स्वच्छता समितीतली एक बाई