औषधांचा अख्खा डबा कोणीतरी एकदा पाहायला हवा : ठाणेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक काकू बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. काकांना आठ वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन), त्याच्या आधीपासून मधुमेह आणि रक्तदाब, अलीकडे प्रोस्टेटचा त्रास. डबा टेबलावर पालथा केला तर चौदा प्रकारची औषधं निघाली. काही पट्ट्या दुकानात कापून दिलेल्या, त्यामुळे नावाची शेवटची तीन-चार अक्षरंच उरलेली. एका पुडीवर पेनानं नुसतं ‘रात्री’ लिहिलेलं. काकू म्हणाल्या, “ह्यांचे चार डॉक्टर आहेत आणि चौघंही चांगले आहेत. पण हा डबा चौघांपैकी कोणीच बघितलेला नाही.”

आमच्या सभासद असलेल्या निवृत्त फार्मासिस्ट ताईंनी एकेक पट्टी ओळखून ओळीनं मांडली. काकांना उभं राहिलं की चक्कर यायची. कंपवातावरच्या लेवोडोपानं उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो. त्यात रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, म्हणजे रक्तदाब खाली ओढणाऱ्या तीन गोळ्या एकाच वेळी पोटात. ती चक्कर कानामुळे असेल असं समजून कुठेतरी सिनारिझिन सुरू झालेलं. हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन म्हणजे डोपामिन. सिनारिझिन त्याचंच काम अडवतं, आणि कंपवातात मुळात तुटवडा असतो तो डोपामिनचा. त्यामुळे कंप आणि ताठरपणा वाढू शकतो. तसा तो वाढला, म्हणून लेवोडोपाचा डोस वाढवला गेला, आणि चक्कर आणखी वाढली. काकूंनी ही यादी न्यूरॉलॉजिस्टना दाखवली. त्यांनी सिनारिझिन थांबवलं आणि रक्तदाबाच्या गोळीबद्दल फिजिशियनशी स्वतः फोनवर बोलून घेतलं. दिवाळीत काका काठी टेकत तलावपाळीवर आले होते. आम्हा सगळ्यांना त्याचं फार अप्रूप वाटलं.

एका ताईंनी एक डबा लावायला अडीच तास घेतले. आपल्या भागात असे डबे घरोघरी आहेत. म्हणूनच हे आवाहन.

औषधांची मूळ नावं, वय, आजार आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा भरला की कुठे अडचण आहे ते दाखवणाऱ्या संगणक प्रणाली आज उपलब्ध आहेत. डॉक्टरांच्या निर्णयाला मदत करणं हे त्यांचं काम. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे. वयस्कर माणसांना कोणती औषधं शक्यतो टाळावीत याची अमेरिकेतली ‘बीअर्स’ यादी १९९१ची, आयर्लंडमधली ‘स्टॉप-स्टार्ट’ यादी २००८ची. दोन्हींच्या सुधारित आवृत्त्या २०२३मध्ये आल्या. विसरभोळेपणासाठी डोनेपेझिल चालू असताना लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन दिलं, तर दोन गोळ्या एकमेकींच्या विरुद्ध काम करतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड कंपवातात त्रास वाढवतं. कंपवातावरचं रासाजिलिन घेणाऱ्यानं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं साधं खोकल्याचं औषध घेणंही धोक्याचं. एका फिजिशियननं घाईच्या ओपीडीत हे सगळं तोंडपाठ ठेवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण प्रणालीला जेवढं सांगू तेवढंच कळतं. आपल्याकडे एकाच औषधाची ब्रँडनावं अगणित, त्यामुळे पट्टीवरच्या बारीक अक्षरांतलं मूळ नाव शोधून भरावं लागतं. फडताळातलं कवचबीजाचं चूर्ण कोणी ‘औषध’ म्हणून सांगत नाही, आणि त्या खाजकुयलीच्या बीत निसर्गतःच लेवोडोपा असतो. लोहाची गोळी लेवोडोपासोबत घेतली तर लेवोडोपा नीट शोषला जात नाही. तेव्हा गोळी किती वाजता घेता हेही विचारावं लागतं. दुसरी अडचण अशी की यंत्र बारीकसारीक गोष्टींवरही लाल खूण करतं. वीस इशारे समोर आले की डॉक्टर एकविसावा वाचत नाहीत. त्यातले खरे महत्त्वाचे दोन-तीन निवडायला अनुभवी माणूसच बसावा लागतो.

दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये चार टेबलं लावायची, असा बेत आहे. प्रत्येक टेबलावर एक टॅबलेट (हातात धरायचा संगणक) आणि दोन स्वयंसेवक : एकानं पट्टी वाचायची, दुसऱ्यानं भरायचं आणि मोठ्यानं वाचून पडताळायचं. शेवटी छापील यादी घरच्यांच्या हातात, ती त्यांनी आपापल्या डॉक्टरांना दाखवायची. आम्ही कोणतीही गोळी बंद करणार नाही की सुरू करणार नाही. लेवोडोपासारखं औषध मनानं एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, हे प्रत्येक यादीच्या माथ्यावर ठळक छापलेलं असेल.

यासाठी वर्षभराचा खर्च १ लाख २० हजार रुपये आहे. त्यातले ६० हजार चार टॅबलेटचे, ३६ हजार प्रणालीच्या वार्षिक वर्गणीचे, उरलेले प्रिंटर आणि छपाईचे. घरात चालू स्थितीतला टॅबलेट पडून असेल तर तो द्या, तेवढे पैसे वाचतील. पैशांहून निकड माणसांची आहे. निवृत्त फार्मासिस्ट, परिचारिका, बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली, ज्यांना महिन्यातून दोन शनिवार देता येतील त्यांनी जरूर यावं. एखाद्या फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टनी महिन्यातून एक तास आमच्या शंकांसाठी दिला, तर आमच्यावर उपकार होतील. घोडबंदर रोड, कळवा, वर्तकनगरच्या संघांनाही हे आपल्याकडे सुरू करायचं असेल, तर भरण्याचे नमुने आणि प्रशिक्षण आम्ही विनामूल्य देऊ.

माहितीबद्दल कोणी शंका विचारली तर ती रास्तच आहे. रुग्णाची किंवा घरच्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय काहीही भरलं जाणार नाही. टॅबलेटमध्ये नावाऐवजी क्रमांक असेल आणि यादी छापून दिल्यावर नोंद पुसली जाईल.

देणगी संघाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत, रोख किंवा धनादेशानं स्वीकारली जाईल. पावती लगेच मिळेल. आमच्या नावानं कोणी दारावर आलं किंवा फोनवर ओटीपी मागितला, तर देऊ नका आणि कार्यालयात कळवा.

घरात कंपवाताचा किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर नाव आजच नोंदवा. येताना औषधांचा डबा आहे तसा घेऊन या, आवरून आणू नका. कापलेल्या पट्ट्या, पुड्या, चूर्णं, डोळ्यांत घालायचे थेंब, संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं.

आपली,
कार्यकारिणी, ज्येष्ठ नागरिक संघ
नौपाडा, ठाणे