कोळंबीची टरफले कचरा नव्हेत

महोदय,

कोळंबी-खेकड्यांची टरफले सरसकट फेकून दिली जातात याची खंत वाटते, कारण त्यांतील कायटिन हे निसर्गात सेल्युलोजखालोखाल विपुल आढळणारे बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी) आहे. टरफलांतील चुना आणि प्रथिने काढून उरलेले कायटिन तीव्र अल्कलीत तापवले की कायटोसान मिळते. ते साध्या पाण्यात विरघळत नाही. व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात मात्र विरघळते आणि त्याच्या रेणूंवर धनभार येतो. हाच त्याचा खरा गुण. गढूळ पाण्यातील ऋणभारित कण त्याला चिकटून गुठळ्यांच्या रूपाने तळाशी बसतात, तर जखमेवरील पट्टीत ते तांबड्या पेशींना एकत्र खेचून रक्तस्राव थांबवते. मात्र निर्मितीतील आम्ल-अल्कलीचे सांडपाणी शुद्ध केल्याखेरीज सोडता कामा नये.

– एक वाचक