सही करण्याआधी

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुमे,

गुरुवारी फोनवर तू किती आनंदात होतीस! गावातल्या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर तुला घेतायत, आणि 'तीन महिन्यांतून एक मीटिंग, बाकी काही त्रास नाही' असं अध्यक्षांनी सांगितलंय. मी अभिनंदन केलं, फोन ठेवला, पण ते 'बाकी काही त्रास नाही' तेव्हापासून मनातून जात नाही. फोनवर हे मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

मेट्रन म्हणून मी ११ वर्षं मंडळाच्या बैठकांना बसले, हे तुला माहीत आहे. मत द्यायचा हक्क नव्हता. 'निमंत्रित' म्हणून टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर. विषयपत्रिका ठरलेली असायची. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च, विम्याची बिलं हाताळणाऱ्या टीपीए कंपन्यांकडची थकबाकी, किती खाटा भरल्या, मशीन खरेदी. सीटी स्कॅन कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर एकदा दोन तास गेले. माणसं चांगली होती, हे मी मनापासून सांगते. कुणी एक पैसा खाल्ला नाही. कुणी देणग्या मिळवून आणायचं, कुणी एखाद्या गरिबाच्या डायलिसिसचे पैसे गुपचूप स्वतःच्या खिशातून भरायचं. पण रात्री वॉर्डात किती सिस्टर असतात, हे ११ वर्षांत एकाही विश्वस्ताने मला विचारलं नाही.

एक वर्ष नर्सच्या सहा जागा रिकाम्या होत्या. खर्च वाढलाय, सध्या थांबू, असं ठरलं. मी लेखी कळवलं. इतिवृत्तात ओळ आली : 'मेट्रन यांच्या पत्राची नोंद घेण्यात आली.' त्याच पावसाळ्यात मेडिकल वॉर्डात पक्षाघाताच्या एक आजी होत्या. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं होतं. रात्री ३८ पेशंट आणि दोन सिस्टर. एका सकाळी राउंडला मी आजींना हळूच वळवलं, तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम, मधोमध काळी पडलेली. पायथ्याशी लावलेला तक्ता काढून बघितला. १०, १२, २, ४, ६. प्रत्येक वेळेपुढे डावी कूस, उजवी कूस आणि सही. सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एका बैठकीत केलेल्या. त्या मुलीवर मी रागावले नाही. रात्रभर ती दम लागलेल्या दोन पेशंटांमध्ये धावत होती, आणि तक्ता कोरा राहिला तर मेमो मिळतो म्हणून तिने तो पहाटे भरून टाकला होता.

त्या महिन्याचा अहवाल मंडळापुढे गेला, त्यात 'नर्सिंग नोंदी १०० टक्के पूर्ण' असं लिहिलं होतं. कागदापुरतं ते खरंच होतं. मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले. सुमे, आजींचा मुलगा मला जिन्यात भेटला होता. 'सिस्टर, आईला इथे आणलं तेव्हा तिची पाठ चांगली होती हो,' एवढंच म्हणाला. ते अजून टोचतं.

निवृत्तीनंतर मी इंग्लंडला भाचीकडे गेले होते. ती तिथे नर्स आहे. तिने मला स्टॅफर्डच्या रुग्णालयाच्या चौकशीबद्दल वाचायला दिलं. सरकारी रुग्णालय, पण कारभार संचालक मंडळाकडे. २००६-०७ या एका वर्षात मंडळाने एक कोटी पौंड वाचवायचं ठरवलं. दीडशेच्या वर जागा गेल्या, त्यात नर्सही होत्या. मंडळाचा सगळा जीव 'फाउंडेशन ट्रस्ट'चा, म्हणजे कारभारात जास्त स्वायत्तता देणारा, दर्जा मिळवण्यात अडकलेला, आणि २००८ मध्ये तो मिळालाही. वॉर्डात मात्र म्हाताऱ्या माणसांचा हात पोचणार नाही अशा जागी पाणी ठेवलेलं, घाण झालेल्या चादरी कितीतरी वेळ तशाच. मृत्यूचं प्रमाण जास्त दिसू लागलं, तेव्हा मंडळाला वाटलं की नोंदींच्या कोडिंगमध्ये, म्हणजे आजारांना सांकेतिक क्रमांक देण्यात, काहीतरी गडबड असेल! नातेवाइकांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून पुढचं सगळं बाहेर आलं. चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांचा मोठा अहवाल २०१३ मध्ये आला, २९० शिफारशींचा. कोडिंगचा तो भाग वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आजींच्या पायथ्याचा तक्ता होता.

तुमचं रुग्णालय धर्मादाय, म्हणून तुझ्यावर आणखी एक भार येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लावून दिलेली योजना तू नीट वाचून घे. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. रुग्णालयात सगळे त्याला आयपीएफ म्हणतात.

इथे तुझा बँकेतला डोळा कामी येईल. निर्धन रुग्णाची खाट, नर्सिंग, जेवण, चादरी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचेच नसतात. औषधं आणि साहित्य निधीत खर्ची टाकायचं, तेही रुग्णालयाच्या खरेदीच्या किमतीने. कुणी छापील किमतीने टाकत गेलं, तर कागदावर निधी भराभर संपतो आणि दारात आलेल्या गरीब माणसाला 'निधी शिल्लक नाही' हे उत्तर मिळतं. तेव्हा नुसती शिल्लक ऐकून घेऊ नकोस, दहा-बारा केसपेपर आणि खरेदीची बिलं शेजारी शेजारी ठेवून बघ. तातडीच्या पेशंटला आधी डिपॉझिट भरा म्हणून अडवता येत नाही, हेही त्या योजनेत आहे. ते पाळलं जातं का, हे बैठकीत कधीच कळणार नाही. कॅश काउंटरसमोरच्या बाकावर रात्री अर्धा तास बसलीस, तर कळेल. आवारातलं औषधाचं दुकान कुणा विश्वस्ताच्या नात्यातल्याचं आहे का, हे पहिल्याच बैठकीत विचार. नवीन आहेस तोवर कुणी वाईट वाटून घेणार नाही.

तुला आठवतं, तू शाखेत होतीस तेव्हा आपलं नाटकाचं तिकीट काढलेलं होतं आणि दहाची एक नोट जुळत नव्हती? मी बाहेर बाकावर ताटकळले, पहिला अंक गेला. कॅशियर तुझ्या वीस वर्षांच्या ओळखीचा. तरी स्वतः मोजल्याशिवाय तू रजिस्टरवर सही केली नाहीस. त्या दिवशी मी चिडले होते. आता मला तुझ्याकडून तेच हवंय. तिथे नोटा मोजायचीस, इथे माणसं मोज. रात्री किती पेशंट आणि किती सिस्टर, महिन्यात किती जण खाटेवरून पडले, किती जणांना आजींसारख्या पडून राहून होणाऱ्या जखमा, बेडसोर, झाले, निर्धनांच्या खाटांवर आज खरोखर कोण आहे. हे विषय जमाखर्चाच्या आधी घ्या, असा आग्रह धर. शेवटी ठेवले की चहा येतो आणि ते पुढच्या बैठकीवर जातात, हे मी ११ वर्षं पाहिलंय.

आणि मेट्रनला शेवटच्या खुर्चीवर बसवू नका. तिला बोलू द्या, आणि ती बोलली नाही तर तू विचार.

तुझं नाव घालून विश्वस्त बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात जाण्याआधी मला एकदा यायचंय. पुढच्या शनिवारी एसटीने येते, संध्याकाळपर्यंत पोचेन. रात्री दोन वाजता आपण दोघी मिळून वॉर्डातून एक फेरी मारू. आवाज न होणाऱ्या चपला घाल. अध्यक्षांची परवानगी तेवढी आधी घेऊन ठेव, आणि ते काय म्हणाले ते मला लगेच कळव.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मेट्रन