प्रश्नावली भरून घेता, मग उत्तरही द्या

महोदय,

केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत ३१ वर्षे मी आस्थापना विभागात होते. रजा, वेतननिश्चिती, बढत्यांच्या फायली हेच काम. शेवटची काही वर्षे ‘कर्मचारी सहभागा’ची, म्हणजे कामाबद्दल कर्मचाऱ्यांचे मत आणि सूचना विचारणारी प्रश्नावली दरवर्षी येऊ लागली. ती वाटून, भरून घेऊन वर पाठवायची, हे माझ्याकडे. तिसऱ्या वर्षी एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी कोरा कागद परत दिला. म्हणाले, “मॅडम, पहिल्या वर्षी व्हॅक्यूम पंपाबद्दल दोन पानं लिहिली होती. कुणी विचारायलासुद्धा आलं नाही.” मी काय सांगणार? पुढे त्या कागदांचे काय झाले, ते मलाही कधी कळवले गेले नाही.

२००३ साली ‘कोलंबिया’ यान झेपावल्यावर ८२व्या सेकंदाला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच त्या पंखाची छायाचित्रे घ्या, असे अभियंते सांगत होते. व्यवस्थापनाने ते पुढे जाऊ दिले नाही. कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले आणि चौकशी मंडळाने फोमइतकाच दोष ‘नासा’च्या कार्यसंस्कृतीला दिला. आमचा पंप त्या मानाने किरकोळच, पण खालच्या माणसाची शंका जिथे अडते ती जागा मला ओळखीची वाटली.

आपल्याकडे कर्मचाऱ्यांच्या वर्षभराच्या कामावरील गोपनीय अहवालांचेही असेच होते. फक्त प्रतिकूल शेरे कळवत. वरच्या पदांच्या बढतीला ‘अति उत्तम’ लागे आणि ‘चांगला’ शेरा मिळालेला माणूस मागे का राहिला, हे त्याला कळतच नसे. मला ते फायलीत दिसे, पण सांगायची मुभा नव्हती. त्याचा त्रास आजही होतो. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळवायला लावला, तेव्हा कुठे माणसे येऊन आपले म्हणणे लेखी देऊ लागली.

प्रश्नावलीलाही तोच नियम हवा. कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, हे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनी दोन महिन्यांत स्वतःच्या सहीने सूचना फलकावर लावावे. सूचना देणाऱ्यांची नावे नकोत. कारण नीट सांगितले तर माणसे नकारही ऐकून घेतात, हे मी बढत्यांच्या बाबतीत पाहिले आहे. शिवाय या प्रमुखांनी महिन्यातून एक दिवस कार्यशाळेत जाऊन बसावे. आमच्या प्रमुखांना मी तिथे एकदाच पाहिले, तेही वार्षिक तपासणीच्या दिवशी.

– एक निवृत्त कर्मचारी