मुंग्या सगळ्या बिग बँगच्या नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बिग बँगवरचा लेख वाचला, विषय छान घेतलात पण दोनतीन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितोय. त्यात म्हटलंय की जुन्या टीव्हीवर स्टेशन नसताना दिसायच्या त्या मुंग्या म्हणजे विश्वाच्या जन्माचा उजेड. अहो, ३२ वर्षं म्हापशात टीव्ही दुरुस्त केलेत मी, चवथीच्या आदल्या दिवशी कौलं सांभाळत छपरावर अँटेना फिरवायचा आणि खालनं अख्खं घर ओरडायचं, आलं आलं... गेलं! त्या मुंग्यांतली शंभरात एखादीच तिकडची. बाकीच्या स्टेशन पकडणाऱ्या ट्यूनरच्या स्वतःच्या, नाहीतर शेजारच्या मिक्सरच्या. ती एक आहे हे दुकान बंद केल्यावर कळलं, नाहीतर बिलात लावली असती.

दुसरं कबुतरांचं. लेख वाचून वाटतं की या उजेडाचा शोध कबुतरांच्या घाणीमुळे लागला. उलटं आहे ते. १९६४ साली न्यू जर्सीत होल्मडेलला बेल लॅबच्या अँटेनावर पेंझियस आणि विल्सन हे दोन शास्त्रज्ञ काम करत होते, तरंगलांबी ७.३५ सेंटिमीटर, आणि हिशेबापेक्षा साधारण ३.५ केल्विन नॉइज (नको असलेली खरखर, ती तापमानाच्या मापात म्हणजे केल्विनमध्ये मोजतात) जास्त येत होता, अँटेना कुठेही वळवा, दिवस असो रात्र असो, तेवढाच. कबुतरं हाकलली, आतली घाण खरवडली, सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची टेप मारली, तरी जाईना. म्हणजे कबुतरं गेली तरी नॉइज राहिला, शोध तो!

आणि खरी कारागिरी लेखात नाहीच. द्रव हेलियमने थंड केलेला, तापमान पक्कं माहीत असलेला एक भाग जोडून ते अँटेनाचा नॉइज त्याच्याशी ताडून बघायचे. आम्ही चांगला ट्यूनर लावून जुन्याचा दोष पकडायचो तसंच की. म्हणून तर मशिनचा दोष नाही असं ते छातीठोक सांगू शकले. हा नॉइज म्हणजेच बिग बँगचा उरलेला उजेड, हा अर्थ मात्र त्यांना प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डिकींच्या टीमकडनं कळला, ते लोक हेच शोधायला स्वतःचं उपकरण बांधत होते, बिचारे मागे राहिले. अल्फर आणि हर्मन या शास्त्रज्ञांनी तर १९४८ मध्येच या उजेडाचं तापमान सुमारे ५ केल्विन असेल असा अंदाज दिला होता, त्यांना कोण विचारतो, १९७८ चं नोबेल पेंझियस-विल्सनना. पुढे १९८९ मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहाने आकडा पक्का केला, २.७ केल्विनच्या आसपास.

अजून एक, मराठी पेपरात नारळीकरांचं नावच नाही? बिग बँग त्यांना मान्य नव्हतं, हे रेडिएशन म्हणजे ताऱ्यांचाच उजेड लोखंडाच्या बारीक कणांनी पसरवलेला असं ते मांडायचे. मला काही ते पटलं नाही, पण एक ओळ तरी हवी होती.

बाकी लेखासोबत फोटो छापलाय तो डिशचा आहे. होल्मडेलचा अँटेना शिंगासारखा होता, तोंड चौकोनी.

आपला,
एक जुना टीव्ही मेकॅनिक, म्हापसा